कावळे नसलेलं बेट

अप्पा,

त्या बेटावर कावळे नव्हते. जहाजावरून उतरले त्या पहिल्याच सकाळी हे माझ्या ध्यानात आलं आणि वाटलं, हे अप्पांना कळवायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नसतं. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सारून म्हणाला असता, "कावळे न्हाईत? मग तिथली माणसं घास ठेवून वाट कुणाची बघत्यात?" या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली. कळवायचं राहिलं ते राहिलंच.

आज लिहायला बसले त्याला कारण माय. माय गेली त्याला दीड महिना झाला. तिच्या दहाव्याला अण्णानं पिंड ठेवला, हात जोडून दोन पावलं मागं सरकला असेल नसेल, तोच लिंबावरचा कावळा खाली उतरला. सगळे म्हणाले, म्हातारीचा जीव कशात अडकला नव्हता. मीही मान हलवली; पण डोळ्यांपुढं तुमचा दहावा उभा राहिला, जो मी पाहिलेलाच नाही. तेरावं झाल्यावर अण्णानं मायची पत्र्याची पेटी उघडली. दोन इरकली लुगडी, तुमचा चष्मा, आणि तळाशी देवाच्या जुन्या वस्त्रात बांधलेली अकरा निळी पत्रं. अण्णा म्हणाला, "ही तुझ्या हातची हाईत बाई, तूच घेऊन जा." मी घेऊन आले. आता गुलबर्ग्याला माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर ती ठेवली आहेत. दुपारची वेळ आहे. हे कामावर गेलेत, पोरगी कॉलेजात. माय होती तोवर मला हे लिहिता आलं नसतं. ती पत्रं छातीशी धरणारं माणूसच गेलं, म्हणून आता लिहितेय.

कमठाण्याचं आपलं स्वयंपाकघर मला डोळे न मिटताही दिसतं. तुमची आंघोळ, पूजा उरकली की माय पान वाढते. पहिला घास भाताचा, त्यावर तुपाचा थेंब. तो उचलून तुम्ही मागच्या दारानं बाहेर जाता. परसाच्या भिंतीवर एक सपाट चिरा आहे, त्यावर घास ठेवता आणि "काव, काव" अशी हाकही तुम्हीच मारता. शेजारची म्हातारी पलीकडून ओरडते, "मास्तरांनी कावळ्यांची शाळा भरविली बघा!" तुम्ही म्हणता, "पोरांपरीस त्यांची हजेरी बरी हाय." एक कावळा पायानं लंगडा होता. त्याला तुम्ही इन्स्पेक्टर म्हणायचा. "ह्याची सही झाल्याबिगर आपल्याला जेवायची मंजुरी न्हाई." आणि खरंच, तो येऊन चोच मारेपर्यंत तुम्ही पानावर बसत नसा, शाळेची घंटा व्हायची वेळ आली तरी नाही. मी नऊ वर्षांची असेन. एकदा भूक आवरेना म्हणून तुमची पाठ वळलेली बघून मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तुम्ही मारलं नाही, ओरडलाही नाहीत. माझ्याशेजारी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "कावळा निमित्त हाय गं. आपल्याला भूक लागलेली असताना दुसऱ्या कुणाची वाट बघायची सवय लागावी, म्हणून हे." मग मला बाहेर नेऊन उन्हात उभं केलंत, स्वतःही उभे राहिलात. इन्स्पेक्टर त्या दिवशी मुद्दाम उशिरा आला. वाट कशी बघायची ते तुम्ही मला शिकवलंत. दुसऱ्याला वाट बघायला लावणं काय असतं, ते मी पुढं आपलं आपण शिकले.

हे जहाजावर इंजिनियर होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, आणि मी बिदरला सासरी, पोरीला घेऊन. त्या साली कंपनीनं बायकोमुलांना एका फेरीपुरतं बरोबर न्यायची परवानगी दिली. ह्यांचं पत्र आलं आणि घरात मोठाच गोंधळ उडाला. सासूबाई ऐकेनात. मग तुम्ही बस धरून बिदरला आलात. सासूबाईंनी चहाचा कप तुमच्यापुढं ठेवला तोच आपटून. "मास्तर, पोरीला समुद्रावर धाडायलाव? तिथं सोवळं न्हाई, ओवळं न्हाई. चार वर्षांचं लेकरू संगट. पाण्यात पडली तर काढंल कोण?" तुम्ही बशीत चहा ओतत शांतपणे म्हणालात, "विहीणबाई, आमच्या गावच्या विहिरीत दर सालाला एक म्हैस पडती. म्हणून कुणी म्हशी पाळायचं सोडलंय का?" सासूबाई उसळल्या, "म्हंजे? माझी सून म्हैस हाय व्हय?" आणि एवढं बोलून त्यांनाच हसू फुटलं. दाराआड मीही तोंडाला पदर लावला. हसण्याच्या भरात माणसाच्या तोंडून होकार निघून जातो, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

आम्ही मुंबईला जायला निघालो त्या दिवशी स्टेशनवर तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलंत. आत बारा निळी एरोग्राम. परदेशी पाठवायची घडीची पत्रं, वर छापील तिकीट. आणि बाराच्या बारांवर तुम्ही आपलाच पत्ता आधीच लिहून ठेवलेला. वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत, आणि अगदी तळाला, पोस्टाला त्याचं काही काम नसताना, मराठीत. कन्नड अक्षरं कशी गोल, जपून काढलेली. तुम्ही मराठी शाळेतले मास्तर. राज्य बदललं, आपण म्हैसूरात गेलो आणि मास्तरांना कन्नडची परीक्षा लागली, तेव्हा तुमचे कानशिलावरचे केस पिकले होते. ओसरीवर पाटी घेऊन तुम्ही बसायचा आणि मी, गल्लीत खेळून कन्नड शिकलेली, तुमची पाटी तपासायची. त्या एरोग्रामांवर सवयीनं 'म्हैसूर राज्य' लिहून मग ते खोडून वर 'कर्नाटक' केलेलं. पहिल्यावर चूक झाली तर पुढच्यांवर होऊ नये की नाही? पण बारांवरही तीच चूक आणि तीच दुरुस्ती. मी हसले तर तुम्ही म्हणालात, "तुझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. पोस्टमनला लागलं पाहिजे की न्हाई? म्हणून मीच लिवून ठेवलो. बारा आठवडे धर. आठवड्याला एक."

"एवढं काय लिहू, अप्पा?"

"लांबड लावू नको. पहिल्या ओळीत 'सुखात आहे' एवढं लिही. जागा राहिली तर समुद्र लिही. मी नकाशात लई वेळा शिकविलाय, बघितला न्हाई कधी."

"आणि सुखात नसले तर?"

"तर पान भरून लिही. मी वाचून घेतो."

गाडी हलली तेव्हा तुम्ही हात हलवला नाहीत. लिहायची खूण केलीत, हवेत, बोटांनी.

पहिले पाच आठवडे मी जवळजवळ आडवीच होते. जहाज लागतं म्हणजे काय ते भोगल्याशिवाय कळत नाही. पोरगी मात्र लोखंडी जिन्यांवरून माकडासारखी फिरायची. बरं वाटलं की लिहीन, असं रोज म्हणत होते. आफ्रिकेला वळसा घालून आम्ही वेस्ट इंडीजकडं निघालो होतो. तुमचं ते एका ओळीतलं वर्णन मला आठवायचं: "नकाशावर भाकरी मोडताना सांडलेला चुरा दिसतो ना, तीच ती बेटं." त्या चुऱ्यातल्या एका तुकड्याशी, त्रिनिदादला, आमचं जहाज लागलं. साखर भरून आठ दिवसांत निघायचं होतं. पण इंजिनातला एक मोठा भाग तडकला. नवा भाग सातासमुद्रापलीकडून यायचा होता. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस. सगळे मिळून सहा आठवडे आम्ही त्या धक्क्याला बांधलेलो.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीच्या कारखान्यातला एक मुकादम जहाजावर आला. रंग आपल्यासारखा, नाक-डोळे आपले, पण बोलणं सगळं तिथलं इंग्रजी. डेकवर वाळत घातलेली माझी साडी बघून तो थांबला, आणि मला बघून एकदम हात जोडून म्हणाला, "राम राम." त्याचे पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला कलकत्त्याहून कधीकाळी बोटीनं आणलेले. संध्याकाळी तो आम्हाला घरी घेऊन गेला. लाकडाचं घर, वर पत्रे, आणि अंगणात बांबूंवर तांबडी, पांढरी, पिवळी निशाणं. मला वाटलं कुठला उरूस असेल. तर म्हणे पूजा झाली की निशाण रोवायचं, तांबडं मारुतीचं. दारात त्याची आई उभी होती, ऐंशीच्या घरातली, डोक्यावर पांढरी ओढणी. आमची पोरगी कुणी न सांगता तिला "आजी" म्हणाली. म्हातारी दचकली. तिथंही बापाच्या आईला आजीच म्हणतात, अप्पा! तिनं पोरीला उचलून घेतलं ते सहा आठवडे खाली ठेवलं नाही असं म्हटलं तरी चालेल.

आजीला हिंदीसारखं काहीतरी येत होतं, घरातल्या बाकीच्यांना तेही नाही. त्यामुळं ती माझ्यावर तुटूनच पडली. हिंदुस्थान म्हणजे एक गाव आहे असा तिचा समज. "हमार गाँव तोहार गाँव से दूर बा का?" आता कुठं बिदर आणि कुठं तिचं ते ठाऊक नसलेलं गाव! मी म्हणायची, "जवळच हाय, आजी." परसात तिची मातीची चूल होती. डाळ शिजवून, वाटून, पिठात भरून ती पोळी लाटायची. पहिल्या दिवशी मी ते बघितलं आणि हसूच आलं: आपलीच पुरणाची पोळी, गूळ घालायचा राहून गेलेला. मी गूळ घालून करून दाखवली, तर चाखून म्हणाली, "ई त मिठाई भइल, रोटी नाहीं." कोपऱ्यावर एका चिन्याचं किराणा दुकान, पलीकडं चर्चची घंटा. शेजारची काळी बाई, अंगानं पहाडासारखी, मीठ मागायला यायची आणि जाताना पोरीचा गालगुच्चा घ्यायची. तिच्या पलीकडच्या अंगणात बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन मोहर्रमचे ताबूत चाललेले. मुसलमान कामट्या बांधतायत, हिंदू कागद चिकटवतायत आणि काळी पोरं ढोल तापवतायत. सगळ्यांना वाटत होतं मी ते बघून चकित होईन. मला वाटलं, हे तर आपलं बिदरच की! फक्त समुद्र जास्तीचा.

आणि मी एकही पत्र लिहिलं नव्हतं.

हे लिहिताना पेन थांबलं बघा. पण खरं तेच आहे. त्या अकरांतलं एकही तोवर लिहिलेलं नव्हतं. पुडकं ट्रंकेत साड्यांच्या खाली होतं. एकदा काढलं. ह्यांच्याबरोबर पोस्टात गेले तेव्हा काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईनं एरोग्राम उलटसुलट करून सांगितलं की हिंदुस्थानचं तिकीट इथून चालत नाही. तुम्हाला ते सुचलं नव्हतं, अप्पा. बिदरच्या पोस्टात विकत घेतलेलं पत्र जगातल्या कुठल्याही पेटीत टाकलं की कमठाण्याला येतं, असं तुम्हाला वाटलं, मलाही. पण त्या बाईनंच पुढं सांगितलं, वरती इथलं तिकीट लावा, जाईल. ह्यांनी तिथल्या तिथं तिकिटं घेतली, इवल्याशा पक्ष्याची चित्रं असलेली. म्हणजे अडचण अशी काही उरली नव्हती. पोस्ट बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. मी रोज तिथूनच आजीकडं जायची.

आजी विचारायची, "बाप के चिट्ठी लिखलू?" तुमच्याबद्दल तिला सगळं मी सांगितलं होतं, पाटी, इन्स्पेक्टर, म्हैस. मी म्हणायची, "कल लिखती, आजी." एक दिवस ती चिडली. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "चिट्ठी भात नाहीं बेटी, कि कल गरम कर के खइबू." मग चुलीकडं तोंड करून सांगायला लागली. तिचा आजा म्हातारपणी रोज बंदरावर जाऊन बसायचा. गावाकडनं चिठ्ठी येईल म्हणून. त्याला वाचता येत नव्हतं. तरी बसायचा. मी मान खाली घालून ऐकलं, मनाशी ठरवलं, आज जहाजावर गेल्यावर लिहायचंच. त्या संध्याकाळी हे लवकर सुटले, आम्ही तिघं वाळूवर चालत लांबवर गेलो, आणि राहिलं.

तार मुंबईच्या कचेरीवरून फिरत फिरत आली. भर दुपारी हे तेलानं माखलेल्या कपड्यांतच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "अप्पा." एवढंच. मग कागद पुढं केला. अण्णानं गेल्याची तारीख घातली होती. मी बोटांवर मोजलं. नववा दिवस होता.

"आपण निघू," मी म्हणाले.

"कशानं?"

"कशानंबी. विमानानं."

"अगं, पोचस्तवर तेरावंबी होऊन जाईल."

"मग मी काय करू?"

हात तेलकट म्हणून हे मला शिवलेही नाहीत, तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले. मी काय करू, हे मी त्यांना त्या दिवसात किती वेळा विचारलं असेल. तो माणूस बंद पडलेली इंजिनं चालू करणारा. त्याच्याकडं माझ्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं.

लेकीला सुतक तीन दिवसांचं, पिंड ठेवायचा अधिकार लेकाचा, हे मला कळत होतं. पण घास ठेवायला कुणाचा अधिकार लागतो? दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आजीकडं गेले. तिला सांगितलं. तिनं चूल सारवली. मी भात शिजवला, मूद पाडली, तूप घातलं आणि परसाच्या कठड्यावर केळीच्या पानावर ठेवली. हात जोडले आणि मग "काव, काव" करायला तोंड उघडलं, तेव्हा आठवलं. इथं कावळे नाहीत. सहा आठवडे मला हे माहीत होतं. पहिल्या दिवशी तुम्हाला कळवायचं म्हणून हेच मनात धरून ठेवलं होतं. आणि ऐन वेळी विसरले. तरी मी हाक मारली, अप्पा. बोलावणार कुणाला, पण मारली. पिवळ्या पोटाचा एक पक्षी तारेवर येऊन बसला, बघून गेला. ऊन चढलं. पोरगी माझा पदर धरून उभी.

मग वरून सावली फिरली. तिथं बंदरावर मासळीच्या बाजारात काळे मोठे पक्षी बसलेले असतात, त्यांना ते कोर्बो म्हणतात. लांबून बघितलं तर कावळाच, फक्त कुणीतरी फुगवलेला. जवळून मान उघडी, कातडी सुरकुतलेली. हे सांगायचे, ती गिधाडाचीच जात. त्यातला एक उतरला. कुंपणाच्या खांबावर बसला, पंख मिटले, मान वाकडी करून भाताकडं बघायला लागला. पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "आई, आला! कावळा आला!" तो एक उडी मारून कठड्यावर आला. मुदीपासून हातभर. मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा. तुमच्या घासाला गिधाडानं शिवायचं? पायाजवळ काठी होती, ती मी फेकली. तो जड जड पंख मारत गेला. पुन्हा कुणी आलं नाही. पोरगी रडायला लागली. "आला होता की गं! तू हाकललास कामून?" इन्स्पेक्टरला तुम्ही लंगडा आहे म्हणून कधी हाकललं नव्हतंत. त्या परमुलखात तुमच्यासाठी एकच जीव खाली उतरला, त्याचं रूप मला पसंत पडलं नाही.

दुपार कलल्यावर आजीनं तो वाळलेला भात ओंजळीत घेतला आणि समुद्रावर जाऊन सोडला. "पानी सब जगह जाला," म्हणाली. मी ऐकून घेतलं.

त्या आठवड्यात इंजिन दुरुस्त झालं आणि आम्ही निघालो. आणि परतीच्या वाटेवर, अप्पा, मी ती अकरा पत्रं लिहिली. मागच्या तारखा घालून. पाच पत्रं समुद्रातली, सहा बेटावरची. दोन पेनं वापरली, म्हणजे एका बैठकीतली वाटू नयेत. हे एकदा दारातून बघून गेले. मी का लिहिली? मायपुढं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. लोक विचारतील म्हणून. बारावं कोरंच माझ्याजवळ ठेवलं, कारण त्याच्या तारखेआधी तार माझ्या हातात आली होती.

कमठाण्याला पोचले तेव्हा पुडकं मायच्या मांडीवर ठेवलं. सांगितलं, इथलं तिकीट तिथं चाललं नाही, म्हणून टाकता आली नाहीत. तिकिटाचं तेवढं खरं होतं, त्यामुळं बाकीचं खपलं. अण्णानं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवली. माय एकेक पत्र डोळ्यांना लावायची. "तुमच्याविना घास उतरत नाही," असं मी चौथ्यात लिहिलं होतं. सातव्यात लिहिलं होतं, "इथली माणसं परकी, इथं जीव रमत नाही." आजीला परकी म्हणाले मी. पुढं दर वर्षी तुमच्या श्राद्धाला माय नातवंडांकडून ती पत्रं वाचून घ्यायची आणि सगळ्यांना सांगायची, "माझी लेक समुद्रावर होती पण बापाला एक आठवडा चुकली न्हाई." मी ताटं मांडत असायची. तिथून उठून जाता येत नव्हतं, आणि नाही म्हणताही येत नव्हतं.

वाचून झाल्यावर त्या पहिल्या दिवशी अण्णानं तुमचं सांगितलं. ताप होता तरी रोज पोस्टमनच्या वेळेला तुम्ही मारुतीच्या पारावर जाऊन बसायचा म्हणे. पोस्टमनला सांगून ठेवलं होतंत, "मलाच माझ्या अक्षरातलं पत्र येणार हाय, ओळख बरं का." तो रोज दुरूनच हात हलवायचा. तुम्ही म्हणायचा, "समुद्रातलं पत्र हाय, ओलं झालं असंल, वाळवायला ठेवलंय कुठं तरी." आणि दहाव्याला कावळा शिवेना. अण्णा पिंडापुढं म्हणाला, "मायला सांभाळीन. शेताला हात लावणार न्हाई. धाकट्या बहिणीला माहेर तोडणार न्हाई." एकेकानं येऊन एकेक कबूल केलं. कावळे झाडावर बसलेले, इन्स्पेक्टरची पिलावळसुद्धा असेल त्यांत. कुणी खाली येईना. उन्हं कलली तेव्हा शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. "कशात जीव राहिला व्हता काही कळलं न्हाई बघ," अण्णा म्हणाला. मला कळलं होतं. मी त्याच्यासमोर बसून, माझ्याच खोट्या पत्रांच्या घड्या नीट करत होते.

बारावं पत्र आता माझ्यापुढं आहे. घडीवर चिरायला आलंय. तुमचं गोल कन्नड, खोडलेलं म्हैसूर, आणि तळाचं मराठी. त्यावर लिहावं म्हणून घेतलं होतं, पण पत्ता तुमच्या हातचा आणि आत माझे कोंबडीचे पाय. धीर झाला नाही, म्हणून हे वहीच्या कागदांवर लिहिलं. आळस होता, उद्या उद्या करत राहिले, जहाज लागत होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. त्या अकरा पत्रांत समुद्र आहे, उलट्या आहेत, आठवण आहे. पण तुम्ही मागितलेले दोन शब्द एकातही नाहीत. तुम्ही गेल्यावर ते लिहायला हात धजेना. आणि तुम्ही होता तेव्हा लिहायला वेळ झाला नाही, कारण लग्नानंतर पहिल्यांदाच मी दिवसाउजेडी ह्यांच्याशेजारी चालत होते, पाय पाण्यात, पदर वाऱ्यावर, मोठ्यानं हसत होते, आणि तास, वार, आठवडे कुठं जात होते ते कळत नव्हतं. कमठाण्याची आठवण येत नव्हती, अप्पा. दिवसच्या दिवस नव्हती येत.

पोरगी यायची वेळ झाली. हे कागद मी त्या अकरांच्याच वस्त्रात बांधून ठेवीन. धाडायचे तरी कुठं? पहिल्या ओळीत लिहायचं होतं ते शेवटाला लिहितेय.

मी सुखात होते.